आधी वंगण, मग मंगल पांडे

अगं, आठवीचा १८५७ चा पाठ जवळ आलाय आणि तुझी झोप उडालीय, हे तुझ्या फोनवरच्या आवाजावरूनच कळलं मला. नवी नोकरी, नवं गाव, वर्गात सगळ्या घरांतली लेकरं, आणि पुस्तकात गाईची चरबी, डुकराची चरबी, जात, धर्म सगळं एकाच परिच्छेदात. काय बोलावं, काय गाळावं, कुणाच्या घरातून उद्या कोण शाळेत येईल, याचा घोर लागलाय तुला. साहजिक आहे गं. पण घाबरू नकोस. चहा टाक, स्वस्थ बस आणि ऐक.

खरं सांगू का, हा पाठ अवघड नाही. आपण तो भलत्या टोकाला धरतो. 'काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली होती म्हणून शिपाई भडकले' असं एक वाक्य बोलायचं आणि थेट मंगल पांडेवर उडी मारायची. मग अर्ध्या लेकरांना वाटतं, एवढ्याशा चरबीवरून माणसं जिवावर उदार होतात का? उरलेल्यांना वाटतं, इंग्रजांनी केवळ बाटवायलाच हे काडतूस काढलं. दोन्ही समज पोरांच्या डोक्यात वर्षानुवर्षं तसेच राहतात. माझं म्हणणं ऐक, तू सुरुवात वंगणापासून कर. फळ्यावर एवढंच लिही : शिशाच्या गोळीला तेलकट काहीतरी लावायचंच कशाला? आणि गप्प उभी राहा.

बैलगाडी बघितलेली पोरं आहेत तुझ्याकडे. आसाला एरंडेल का घालतात हे कोणीतरी सांगेलच. घर्षण म्हणतील. शाबास म्हण आणि पुढे ने, कारण बंदुकीत नुसतं घर्षण नव्हतं, आणखी एक भानगड होती.

ती तुला नीट सांगते, म्हणजे वर्गात अडखळायला होणार नाही. शिपायांकडे आधी जी बंदूक होती, ब्राऊन बेस म्हणतात तिला, तिची नळी आतून गुळगुळीत होती. गोळी म्हणजे शिशाचा गोल गोळा, नळीपेक्षा बराच लहान. वरून टाकला की खाली जायचा. नेम मात्र यथातथाच, शंभर पावलांपलीकडे भरवसा नाही. नव्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या तीन खाचा होत्या. नमुना १८५३ चा, नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर. खाचांमुळे गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि सरळ लांब जाते. पण फिरायची तर तिनं खाचांना घट्ट धरायला हवं, आणि घट्ट गोळी वरून ठासायची तर शिपायाचा घाम निघणार. यावर फ्रान्सच्या मिनिए नावाच्या अधिकाऱ्यानं १८४९ च्या सुमारास तोड काढली. गोळी लांबट, टोकदार आणि बुडाशी पोकळ करायची. ठासताना सैल, पण बार उडाला की बूड फुगून खाचांत बसतं. एन्फील्डची गोळी त्याच जातीची. वजन जवळजवळ तीन तोळे. सोन्याच्या भाषेत सांग, पोरी लगेच अंदाज बांधतील.

आता वंगण कुठे आलं? बघ, त्या काळची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती सगळी जळून धूर होत नाही. वजनानं निम्म्याहून जास्त भाग घट्ट काजळी होऊन मागे राहतो. दहा-पंधरा बार झाले की नळीत थर चढतो, आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हात तो थर वाळून कडक होतो. पुढची गोळी मध्येच अडकली तर शत्रू समोर आणि हातात नुसती लाकडी-लोखंडी काठी. शिवाय शिसं मऊ. कोरडं घासलं तर खाचांत त्याचा लेप बसतो आणि खाचा निकामी होतात. गोळीभोवती मेणचट काही असलं की काजळी ओलसर राहते, आणि प्रत्येक नवी गोळी जाता-येता नळी पुसून काढते. म्हणजे वंगण हा बंदुकीचा खोडसाळपणा नव्हता गं, गरज होती. हे एकदा पोरांना पटलं की अर्धा पाठ झाला. कारण मग पुढचा प्रश्न तीच विचारतात : वंगण हवंच होतं, तर ते चरबीचंच का?

तिथं जाण्याआधी काडतूस करून दाखव. वहीचा कागद घे, पेन्सिलीवर गुंडाळून सुरनळी कर. आत एका टोकाला खडूचा तुकडा, ती गोळी. मागे चमचाभर रांगोळी, ती दारू. दुसरं टोक पीळ देऊन बंद. झालं काडतूस. खऱ्या काडतुसाचं गोळीकडचं टोक वितळलेल्या वंगणात बुडवत. शिपाई दारूकडचं टोक दातांनी तोडायचा, दारू नळीत ओतायचा, काडतूस उलटं करून गोळीकडचं वंगण लावलेलं टोक नळीत घालायचा, वरचा कागद फाडून टाकायचा आणि गजानं ठासायचा. गुंडाळलेला वंगणी कागद गोळीसोबत आत जायचा.

हे दाखवलंस की वर्गातलं एखादं हुशार लेकरू हात वर करतं बघ : "बाई, दातानं तोडायचं टोक वेगळं आणि चरबीचं टोक वेगळं. मग तोंडाला चरबी लागायची कशी?" हा प्रश्न आला तर तिथेच थांब, घाई करू नकोस. या प्रश्नासाठी मी दरवेळी कागदाचे दोन तुकडे तयार ठेवते. एकावर तुपाचा ठिपका, एकावर मेणाचा. दोन्ही तुकडे आदल्या दिवशी खिडकीत उन्हात ठेवायचे. परभणीत उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो. तूप वितळून कागदभर पसरतं, कागद पारदर्शक होतो, शेजारच्या तुकड्यालाही लागतं. मेण जागचं हलत नाही. जनावराची चरबीही उन्हात तुपासारखीच मऊ होते. दहा-दहा काडतुसांची पुडकी बांधलेली, पेटीत एकावर एक रचलेली, वैशाखाचं ऊन. कुठलं टोक कोरडं राहिलं आणि कुठलं नाही याची हमी कोण देणार? आणि तोंडाचं सोड, बोटांना तर लागणारच. त्याच हातानं तो भाकरी करणार, त्याच हातानं संध्या किंवा नमाज.

आता चरबीचं. इथे तुला अगदी स्वच्छ बोलायचं आहे, कारण हाच भाग तुला टोचतोय. विलायतेत जे वंगण ठरलं त्यात मुख्य वाटा जनावरांच्या चरबीचा होता, मधमाशीचं मेण थोडंसं. तिकडे चरबी स्वस्त, मुबलक, आणि कुणाच्या धर्माच्या आड येत नव्हती. इकडे कलकत्त्याच्या दारूखान्यानंही चरबीचं कंत्राट दिलं, पण ती कोणत्या जनावराची असावी हे त्यात घातलंच नाही. पुढे चौकशीत दारूखान्याच्या अधिकाऱ्यांना खात्रीनं सांगता आलं नाही की त्यात गाईची चरबी नव्हती. बघ, 'मुद्दाम बाटवलं' याला पुरावा मिळत नाही. पण 'विचारायची तसदी घेतली नाही' याला मात्र मिळतो. मला विचारशील तर हे दुसरं जास्त वाईट आहे, कारण त्यांना आधी सांगितलं गेलं होतं. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसं हवामानाची पारख करायला हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल फौजेचे अॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी सरसेनापतीच्या वतीनं लिहून कळवलं होतं की यातलं वंगण शिपायांच्या जातिधर्माला बाधणारं नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा कागदावर आहे, तारखेसकट. तो फायलीत पडून राहिला. सरकारी शाळेत नोकरी करतेस, तुला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ डमडम. तिथे नव्या बंदुकीचं शिक्षण चालू होतं. दारूखान्यातल्या एका खलाशानं एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायानं नाकारलं, लोटा बाटेल म्हणाला. त्यावर खलाशी म्हणाला की थांब, लवकरच तुझी जात जाणार आहे, गाई-डुकराच्या चरबीची काडतुसं दातानं तोडायला लागणार आहेत तुला. कॅप्टन राईट नावाच्या अधिकाऱ्यानं २२ जानेवारीला ही हकीगत वर कळवली.

तू म्हणालीस ना, हा प्रसंग गाळू का? मुळीच गाळू नकोस. तुझ्या वर्गात ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीवर ओंजळीत वरून पाणी घालायचे, ती लेकरं बसलेली आहेत. त्यांना हा प्रसंग तुझ्याआधी कळतो. प्रश्न सरळ विचार : पाणी का नाकारलं? आणि उत्तर त्यांना देऊ दे. शिपायाला आपला धर्म जाण्याची भीती खरी होती, आणि त्याच वेळी तो दुसऱ्या माणसाला घोटभर पाणी नाकारत होता, हे दोन्ही एकाच प्रसंगात आहे. एकाची बाजू घ्यायला दुसरं झाकायचं नाही. उत्तरेतल्या दलित समाजानं त्या खलाशाला मातादीन या नावानं आठवणीत जपलंय, हेही सांग. आणि जमलं तर महाडच्या चवदार तळ्याची तारीख, २० मार्च १९२७, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. तो पाठ पुढे येईल तेव्हा पोरं स्वतःच दुवा लावतील.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, आणि पुस्तकात त्याला जागा मिळत नाही. डमडमच्या शिपायांना अधिकाऱ्यांनी विचारलं, की मग तुम्हाला काय चालेल? त्यांनी सांगितलं, मेण आणि तेल. इतकं साधं गं. दंगा नाही, हट्ट नाही, घराघरात माहीत असलेलं मिश्रण. जनरल हिअर्सी यांनी शिफारस केली आणि २७ जानेवारीला सरकारनं हुकूम काढला की काडतुसं कोरडी द्यावीत, शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचं वंगण आणून स्वतः लावावं. अंबाल्याच्या शिक्षण केंद्रात शिपायांनी तूप आणि मेण वापरलं. म्हणजे शिशाच्या गोळीला घरगुती वंगण लावायचा परवाना हिंदुस्थानी शिपायाला खुद्द सरकारनं दिला होता.

आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे बघ. शिपायांनी सुचवलेलं मिश्रण बंदुकीच्या दृष्टीनंही चरबीपेक्षा चांगलं होतं. चरबी जुनी झाली की तिच्यातली आम्लं शिशाला खातात. गोळीवर पांढरट थर चढतो, ती जाड होते आणि नळीत जाईनाशी होते. मेण शिशाला काही करत नाही, आणि वितळायला साधारण ६२ ते ६४ अंश लागतात, म्हणजे आपल्या उन्हालाही ते दाद देत नाही. नुसतं मेण मात्र थंडीत ठिसूळ होतं, कागदावरून पोपडे निघतात. म्हणून त्यात थोडं तेल. हिवाळ्याला तेल जास्त, उन्हाळ्याला कमी, हे कुठल्याही सुगरणीला सांगावं लागत नाही. पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी स्वतःच्या एन्फील्ड काडतुसांतली चरबी कमी करत नेली आणि शेवटी ते मेणावरच आले. ज्यांना अडाणी, अंधश्रद्ध म्हणून हिणवलं, त्यांचंच म्हणणं कारखान्यानं मान्य केलं. हे वाक्य वर्गात सांगताना आवाज जरा चढला तरी चालेल.

मग एवढं सगळं मान्य झाल्यावर आग का लागली, असं पोरं विचारतील. विचारायलाच हवं. उत्तर असं, की तोवर विश्वास संपला होता. वंगण बदललं तेव्हा बराकीत बोलू लागले, आधी त्यात काही नव्हतंच तर आता बदललं कशाला? मग कागदावर संशय गेला. नवा कागद चकचकीत होता, जाळला की तडतडतो म्हणाले, त्यातच चरबी मुरवली असणार. मार्चमध्ये दातानं तोडण्याऐवजी हातानं फाडायची कवायत ठरवली, तर लोक म्हणाले, सवयीनं तोंडाकडे जाणारच. आणि त्याआधीची नाराजी होतीच. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झालं होतं आणि बंगाल फौजेतले कितीतरी शिपाई त्याच मुलखातले. त्याच वर्षी नव्या भरतीला समुद्रापारही जावं लागेल असा कायदा आला. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीनं काडतुसं नाकारली. ती तर जुनी, बिनचरबीची होती. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, ८ एप्रिलला त्याला फाशी. २४ एप्रिलला मेरठला घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावायला नकार दिला. तीही जुन्याच पद्धतीची. ९ मे रोजी सगळ्या फौजेसमोर त्यांना बेड्या घातल्या आणि १० मे उजाडला.

तारखा लेकरांकडून घोकून घेऊ नकोस. एवढंच दाखव की चरबीचं काडतूस बहुतेक शिपायांच्या हातात कधी पडलंच नाही. नाकारली ती साधी काडतुसं. वंगणाचा प्रश्न वंगणानं सुटला असता तो फक्त १८५३ मध्ये, टकरच्या पत्रावर कुणी वेळीच विचारपूस केली असती तर.

आता आपल्या भागाचं. शाळेतली पोरं नेहमी विचारतात, आपल्याकडे काय झालं? हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. पण हिंगोलीला, जी १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. नाव निजामाच्या राजधानीचं, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि खर्चासाठी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे तोडून दिलेला. याच कंटिंजंटचं घोडदळ औरंगाबादला होतं, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. जून १८५७ मध्ये तिथल्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला. पण बघ हं, तिथलं कारण काडतूस नव्हतं. आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध लढायला नेणार अशी बातमी स्वारांत पसरली होती. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्नची फौज जूनच्या अखेरीकडे पोहोचली आणि बंड मोडलं. कोर्ट मार्शल झालं, फाशी झाली, तोफेच्या तोंडीही दिलं. १७ जुलैला हैदराबादमध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला. आपल्या वर्गातल्या मुस्लिम लेकरांना ही नावं कळली पाहिजेत, आणि बाकीच्यांनाही.

म्हणून 'सगळीकडे चरबीमुळे उठाव झाला' असं सरसकट सांगू नकोस. मेरठचं कारण मेरठचं, औरंगाबादचं औरंगाबादचं. हे वेगळेपण आठवीच्या पोरांना पेलत नाही असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. शेजारच्या दोन घरांतली भांडणं वेगवेगळ्या कारणांनी होतात, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

मराठी माणसाच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' ग्रंथालयातून आण. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेनं ग्वाल्हेरकडे निघाले आणि वाटेतच बंडात सापडले. महूजवळ त्यांना शिपायांकडूनच काडतुसांची हकीगत आणि येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण कळली. हकीगत त्यांनी १८८३ मध्ये लिहून काढली, आणि चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये छापली. त्यातली ऐकीव माहिती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेऊ नकोस. पण बातमी रस्त्यानं कशी पोहोचायची, धर्मशाळेत बसलेल्या साध्या माणसाच्या कानावर ती कुठल्या रूपात यायची, हे त्यातून जितकं कळतं तितकं पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

आता तुझ्या बारीकसारीक काळज्या. मेण वितळवायचं असेल तर वर्गात शेगडी मुळीच नको. घरूनच करून ने. पातेल्यात पाणी उकळव, त्यात स्टीलची वाटी ठेव आणि वाटीत मेण. थेट आचेवर ठेवलंस तर मेण पेट घेतं आणि पाणी मारलं की भडका उडतो, म्हणून वाटी पाण्यातच हवी. मेण वितळलं की त्याच्या निम्मं करडईचं तेल घाल, ढवळ आणि गार होऊ दे. मधमाशीचं मेण आयुर्वेदिक कच्च्या औषधांच्या दुकानात विचार, नाही मिळालं तर मेणबत्तीवर भागव. उरलेलं फेकू नकोस, तळपायाच्या भेगांना लाव. दिवसभर फळ्यापाशी उभी असतेस.

शिसं मात्र शाळेत आणायचं नाही. मासे पकडायच्या गळाचं नाही, जुन्या बॅटरीचं तर नाहीच नाही. ते विषारी असतं, हाताला लागतं, हातातून डब्यात जातं. लेकरांच्या मेंदूवर परिणाम होतो त्याचा. गोळी म्हणून खडूच चांगला. आणि हा पाठ सुरू झाला की एखादा मुलगा हमखास म्हणतो, "बाई, आमच्या आजोबांच्या पेटीत जुनी गोळी आहे, आणू?" लगेच आणि ठाम नाही म्हण. १९५९ चा हत्यारांचा कायदा आहे, परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं गुन्हा आहे, आणि जुनी दारू कधी दगा देईल सांगता येत नाही. त्याच्या पालकांना शांतपणे बोलावून सांग की हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा. वर्गासमोर त्या मुलाला बोलू नकोस, बिचारा अभिमानानं सांगत असतो.

मुख्याध्यापकांची धास्ती घेऊ नकोस. आदल्या दिवशी टाचण दाखव, त्यात 'कृती : कागदाचे काडतूस, साहित्य : कागद, खडू, रांगोळी' असं स्पष्ट लिही. पुस्तकातलं एक अक्षरही तू सोडत नाहीयेस, उलट त्यामागचं कारण सांगतेस. एखाद्या पालकानं विचारलंच, की गाईचं-डुकराचं कशाला काढता वर्गात, तर नम्रपणे पुस्तकाचं पान उघडून दाखव आणि म्हण की एकाच पेटीतल्या काडतुसानं हिंदू आणि मुसलमान दोघंही सारखेच दुखावले, हेच तर शिकवतेय. माझ्या अनुभवात एवढ्यावर माणूस चहा पिऊन जातो.

बोलताना 'त्यांच्या धर्मात' आणि 'आपल्या धर्मात' असे शब्द टाळ, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेव. 'हिंदू शिपायांना', 'मुसलमान शिपायांना' असं म्हण. वर्गात 'आपण' म्हणजे सगळा वर्ग. तुझ्या तोंडून 'ते' आणि 'आपण' निघालं की मागच्या बाकावरचं एखादं लेकरू मान खाली घालतं, आणि मग पुढचं वर्षभर ते तुला प्रश्न विचारत नाही.

आणि वेळ पुरणार नाही म्हणून रडू नकोस. दोन तास घे. पहिल्या तासाला फक्त बंदूक, काडतूस आणि वंगण. दुसऱ्याला टकरचं पत्र, डमडमचा लोटा, २७ जानेवारीचा हुकूम आणि मेरठ. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे, नानासाहेब यांच्यासाठी तिसरा तास लागेलच, तो लागू दे. परीक्षेत 'कारणे लिहा' आलं तर ही पोरं पुस्तकातल्यापेक्षा दोन ओळी जास्तच लिहितील. घटक चाचणीत मी स्वतः एक प्रश्न नेहमी घालते, तो तूही घाल : १८५३ मध्ये तुम्ही दारूखान्याचे अधिकारी असता, तर कंत्राट देण्यापूर्वी कोणाला काय विचारलं असतं? त्याला पाच गुण ठेव आणि उत्तरं मनापासून वाच.

वह्या तपासून झाल्या की त्यातली तुला आवडलेली दोन-तीन उत्तरं मला पाठव गं. आणि मेण गुरुवारीच आणून ठेव, शुक्रवारी तुझ्याकडे बाजार असतो, दुकानात गर्दी होते.